सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतंय कशाने?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही पाहता येईल. वय चौतीस. अडीच वर्षांपूर्वी उजव्या खांद्यापासून सुरुवात झाली, मग मान, मग कंबर, आता मांड्या आणि हाताची बोटंही. सहा डॉक्टर झाले. रक्ताच्या तपासण्या दोनदा, एक्स-रे, कंबरेचा एमआरआय, नसांची तपासणी. एकाने मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्याने 'ती सगळ्यांनाच असते' म्हणून विषय संपवला, तिसऱ्याने व्हिटॅमिन डी दिलं, चौथ्याने 'टेन्शन घेऊ नका' म्हणत झोपेची गोळी लिहिली. घरचे आता विचारेनासे झालेत. तुमचा प्रश्न असा की सगळ्या शरीराचा एमआरआय करून घेऊ, की हे मनाचंच आहे असं मानून गप्प बसू?

जाता जाता तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलंय, 'रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री वाटतं, काहीतरी सापडू दे, आणि असं वाटल्याची लाज वाटते.' गेली बावीस वर्षं मी जुनाट दुखण्याचेच रुग्ण पाहतो आणि हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कोणी बोललं नाही तर मीच विचारतो. आजार कोणालाच नको असतो, पण दुखण्याला नाव हवं असतं. नाव मिळालं की उपचार ठरतो, रजा मागता येते, घरात सांगायला काहीतरी असतं. बिननावाचं दुखणं मात्र दर वेळी नव्याने सिद्ध करावं लागतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळे प्रश्न एकात एक गुंतलेत. पहिला, आत काही घातक तर लपलेलं नाही ना? दुसरा, मग दुखतंय का? आपण करतो त्या बहुतेक तपासण्या पहिल्या प्रश्नासाठी असतात. गाठ, जंतुसंसर्ग, मोडलेलं हाड, दबलेली नस, सांध्यातली सूज या गोष्टी त्या शोधतात. त्या नॉर्मल आल्या की पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी मिळालेलं असतं आणि दुसऱ्याला कोणी हातही लावलेला नसतो. डॉक्टर म्हणतात 'काही नाही', म्हणजे त्यांना म्हणायचं असतं 'जे शोधत होतो ते सापडलं नाही'. रुग्णाला ऐकू येतं 'तुला काही होत नाही'. तुमचा निम्मा मनस्ताप या दोन वाक्यांमधल्या अंतरातून आलाय असं मला वाटतं.

आता माझी अडचण सांगतो. मी तुम्हाला तपासलेलं नाही. बोटं दुखतात म्हणजे सांधा सुजतो की नुसता आखडतो, हे हाताने दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि तेवढ्या एका गोष्टीने सगळी दिशा बदलू शकते. त्यामुळे पुढचं सगळं 'असं असेल तर' या धर्तीवर वाचा. एका बाबतीत मात्र जर-तर नाही. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, यातलं काही झालं तर उत्तर वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. विनाकारण वजन उतरणं, वारंवार येणारा ताप, कोणत्याही स्थितीत कमी न होणारं आणि वाढतच जाणारं रात्रीचं दुखणं, पूर्वी कधी कर्करोग झालेला असणं, बरेच दिवस स्टिरॉइड चालू असणं या गोष्टी असतील तर त्याही डॉक्टरांच्या कानावर आधी घाला. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही.

तुमच्या 'गॅप'बद्दल, म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीच्या झिजेबद्दल. एमआरआय हा फोटो आहे. फोटोत आकार दिसतो, दुखणं दिसत नाही. १९९४ साली पाठदुखी अजिबात नसलेल्या ९८ लोकांच्या कंबरेचे एमआरआय काढून पाहिले गेले, तर निम्म्याहून अधिक जणांत किमान एक चकती फुगलेली निघाली. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. त्यात, काहीही न दुखणाऱ्या लोकांपैकी विशीत ३७ टक्के आणि तिशीत ५२ टक्के जणांच्या चकत्यांत झीज दिसली. ऐंशीत तर ९६ टक्के. म्हणजे चौतिसाव्या वर्षी तुमच्या रिपोर्टात आलेली झीज ही केसात सापडलेल्या पांढऱ्या केसासारखी आहे. ती दुखत असेल का? एखाद्या ठरावीक जागी, ठरावीक रेषेत पायात कळ उतरत असेल तर कदाचित. पण कंबरेतली चकती तुमचा खांदा आणि बोटं दुखवू शकत नाही. तुमच्या त्या दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं, फक्त त्यांनी ते बोलून दाखवायला आणखी दोन मिनिटं द्यायला हवी होती.

'मग सगळ्या शरीराचाच फोटो काढू' याला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे, आणि त्याला कारण आहे. रक्ताच्या बऱ्याच तपासण्यांची 'नॉर्मल' मर्यादा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतात. उरलेले ५ टक्के निरोगी असूनही बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका ठणठणीत माणसाच्या केल्या, तर त्यातली एखादी तरी 'बिघडलेली' येण्याची शक्यता ६४ टक्के. हा शाळेतला संभाव्यतेचा हिशोब आहे, स्वतः करून पाहा. एएनए नावाची संधिवाताच्या पॅकेजमध्ये हमखास असणारी तपासणी घ्या. कमी प्रमाणात ती चांगल्या तब्येतीच्या कित्येकांत पॉझिटिव्ह येते. मग 'ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे का' म्हणून पुढच्या तपासण्या, पुढचे डॉक्टर, पुढचं जागरण. सगळ्या शरीराच्या एमआरआयमध्ये यकृतातला डाग, थायरॉइडमधली गाठ, मूत्रपिंडावरचा पाण्याचा फुगा असं काहीतरी सापडण्याचीच शक्यता जास्त. त्याचा तुमच्या दुखण्याशी संबंध नसेल, पण तुमचं पुढचं वर्ष त्यात जाईल.

याचा अर्थ पुढे काहीच तपासू नये असा मात्र नाही. सरसकट तपासणं आणि प्रश्न ठरवून तपासणं यात फरक आहे. 'सगळं नॉर्मल' अशी फाईल घेऊन कोणी आलं की मी ठरावीक काही जागा पुन्हा धुंडाळतो, कारण नेहमीच्या तपासण्यांच्या जाळीतून त्या निसटतात.

पहिली जागा म्हणजे माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना असलेला सांधा, सॅक्रोइलियाक. मणक्याचा दाहक संधिवात बऱ्याचदा इथून सुरू होतो. सुरुवात साधारणपणे पंचेचाळिशीच्या आत, हळूहळू. पहाटे दुखण्याने जाग येते, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ अंग आखडलेलं असतं, हालचाल केली की मोकळं होतं आणि आराम केला की उलट वाढतं. यात एक्स-रे कित्येक वर्षं चांगला दिसू शकतो, ईएसआर आणि सीआरपी या रक्तातून सूज दाखवणाऱ्या तपासण्या नॉर्मल असू शकतात, आणि कंबरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये हा सांधा नीट येतच नाही, त्याचा वेगळा एमआरआय सांगावा लागतो. निदानाला सरासरी पाच-सात वर्षं लागणाऱ्या आजारांपैकी हा एक, आणि स्त्रियांमध्ये उशीर आणखी जास्त होतो. कधी काळी डोळा लाल होऊन दुखला होता का, त्वचेवर किंवा डोक्यात खपल्यांचे चट्टे आहेत का, टाच सुजते का, पोटाचा जुना त्रास आहे का, हे प्रश्न तुम्हाला कोणी विचारले होते का? विचारले नसतील तर पुढच्या वेळी तुम्ही स्वतः सांगा. तुमचा संपूर्ण शरीराचा एमआरआय मी नको म्हणालो, पण ही लक्षणं जुळत असतील तर या एका सांध्याचा एमआरआय मी स्वतः लिहून देईन.

दुसरी जागा नसांची. तुमची नसांची तपासणी नॉर्मल आली, पण ती यंत्रं जाड तंतू मोजतात. दुखणं आणि गरम-थंड वाहून नेणारे तंतू फार बारीक असतात, ते त्या यंत्राला दिसतच नाहीत. पायांची आग, पांघरूण लागलं तरी सहन न होणं, सुया टोचल्यासारखं वाटणं असं असेल तर घोट्याच्या वरच्या भागातून तीन मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा घेऊन त्यातले तंतू मोजता येतात. बहुतेकांना त्याचीही गरज पडत नाही. आधी साखर (मधुमेहाच्या उंबरठ्यावरची सुद्धा), बी-१२, थायरॉइड आणि चालू असलेल्या औषधांची यादी पाहायची.

बाकीच्या जागा भराभर सांगतो. पाळीच्या आगेमागे कंबर आणि ओटीपोट जास्त दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढणं), सोनोग्राफी नॉर्मल असली तरीही. लहानपणापासून सांधे नको इतके वळत असतील, अंगठा वाकून हाताच्या आतल्या बाजूला मनगटापाशी टेकत असेल, तर सांध्यांचा सैलपणा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू झाल्यानंतर मांड्या दुखायला लागल्या असतील तर ती गोळी. व्हिटॅमिन डी कमी असणं फार सर्रास आढळतं, त्यामुळे ते कमी आलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. नडगीचं हाड दाबल्यावर दुखतंय, जमिनीवरून उठताना मांड्यांत ताकद नाही आणि रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांशी संबंधित एक घटक) वाढलेलं आहे, असं सगळं एकत्र असेल तर मात्र ते हाडं मऊ होण्याचं दुखणं असतं आणि डीने खरोखर बरं होतं. घोरणं आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेतला श्वासाचा अडथळा, त्याकडे सहसा कोणाचं लक्षच जात नाही.

यातलं काहीच नाही असं निघालं तर? आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, 'मग दुखतंय का'.

दुखणं शरीराच्या एखाद्या भागात तयार होऊन वर मेंदूकडे जातं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात खालून फक्त धोक्याची सूचना जाते. ती किती मोठ्याने ऐकायची हे मज्जारज्जू आणि मेंदू ठरवतात. १९८३ साली वेदनेचे संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच जास्त संवेदनशील होतात आणि पुढे साध्या स्पर्शालाही धोका समजून प्रतिसाद देऊ लागतात. काही माणसांत जखम भरते, व्हायरल ताप उतरतो, अपघाताचं प्लास्टर निघतं, पण ही वाढलेली संवेदनशीलता खाली येत नाही. काहींमध्ये सुरुवातीला सांगण्यासारखी इजाही नसते. कापलेला पाय दुखत राहतो हे तर युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांपासून आपल्याला माहीत आहे. तिथे फोटो काढायला पायच नसतो, तरी कोणी 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणत नाही.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली या प्रकाराला वेगळं नाव दिलं, नोसिप्लास्टिक वेदना. म्हणजे ऊतीला इजा किंवा नसेला आजार झाल्याचा स्पष्ट पुरावा नसताना वेदनेच्या यंत्रणेचंच काम बदलल्यामुळे होणारी वेदना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, त्यात तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या अशा दुखण्याला 'प्राथमिक जुनाट वेदना' म्हणून स्वतःची जागा आहे. फायब्रोमायॅल्जिया, म्हणजे अंगभर पसरलेलं जुनाट दुखणं, त्यातच येतो. वेदनेच्या त्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या नव्याने लिहिली तेव्हा सोबत एक टीपही जोडली, की माणूस दुखतंय म्हणून सांगतो त्याचा आदर राखला पाहिजे. ही टीप लिहावी लागली, यावरूनच आमच्या व्यवसायाबद्दल काय ते समजा.

फायब्रोमायॅल्जियाची तपासणी कुठली, असं तुम्ही विचाराल. तपासणी नाही. १९९० च्या निकषांत शरीरावरचे १८ बिंदू साधारण चार किलोच्या दाबाने दाबून पाहायचे आणि ११ दुखले तर निदान, अशी पद्धत होती. २०१० साली ती सोडून दिली गेली. आता दुखणाऱ्या भागांची मोजणी, झोप, थकवा, डोक्याला आलेली मंदी, आणि हे सगळं किती काळ चाललंय याची विचारपूस, यावर निदान होतं. म्हणजे इथे तुमची हकिगत हाच रिपोर्ट. आणखी एक, हे निदान दुसऱ्या आजारासोबतही असू शकतं. संधिवात नक्की आहे, औषधाने सूज पूर्ण गेली आहे आणि तरी अंग दुखतंय, असे रुग्ण मी दर आठवड्याला पाहतो.

हकिगतच रिपोर्ट असेल तर ती सांगायची कशी, यावर थोडं रेंगाळतो. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर रुग्णाला सरासरी अठरा सेकंदांत तोडतात असं निघालं होतं. माझ्या केबिनमध्ये कोणी घड्याळ लावलं नाही हे माझं नशीब. इतक्या वेळात 'सगळं अंग दुखतं' एवढंच सांगून होतं आणि त्यातून आम्हाला काहीही कळत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला जितके शब्द आहेत तितके कुठल्याही छापील फॉर्ममध्ये नसतील, ते वापरा. आग होते, चुरचुरतं, झिणझिण्या येतात, करंट बसतो म्हणालात की माझं लक्ष नसांकडे जातं. ठणकतं, ठसठसतं म्हणालात की मी सूज शोधतो. कळा येतात, म्हणजे लाटेसारखं येतं आणि ओसरतं, तेव्हा आतडं, मूत्रवाहिनी, गर्भाशय अशा पोकळ अवयवांचा विचार येतो. उसण भरली किंवा चमक निघाली म्हणजे एखाद्या हालचालीशी बांधलेलं दुखणं. आखडतं म्हणालात तर माझा पुढचा प्रश्न ठरलेला, सकाळी मोकळं व्हायला किती मिनिटं लागतात? चालल्यावर पाय भरून येतात आणि थांबलं की उतरतात, हे वेगळंच, तिथे रक्तपुरवठा आणि मणक्यातली नसांची जागा पाहायची. आणि अंग हुळहुळं झालंय, कपडा घासला तरी, कोणी प्रेमाने पाठीवर हात ठेवला तरी नको वाटतं, हा शब्द ऐकला की वाढलेल्या संवेदनशीलतेची शंका सगळ्यात आधी येते. शब्दावरून निदान होत नाही, पण कुठल्या दारावर टकटक करायची ते कळतं. तुमच्या लांबलचक प्रश्नात 'दुखतं' हा शब्द कितीतरी वेळा आला आणि कसं दुखतं ते एकदाही आलं नाही. हा दोष तुमचा नाही, सहापैकी कोणी विचारलं नसावं.

म्हणून पुढच्या भेटीआधी एक कागद करा, एकच पान. वर माणसाची आकृती काढून दुखणारे भाग रंगवा. खाली दुखणं कधी, कसं सुरू झालं आणि त्या सुमारास काय घडलं होतं (ताप, अपघात, बाळंतपण, शस्त्रक्रिया, नोकरीतला बदल, घरातला मृत्यू, काहीही). चोवीस तासांत ते कधी वाढतं आणि कशाने उतरतं. झोप कशी आहे. कोणती औषधं किती दिवस घेतली आणि काय फरक पडला. आणि सगळ्यात खाली, दुखण्यामुळे बंद पडलेल्या दोन-तीन गोष्टी. 'दहापैकी आठ दुखतं' यापेक्षा 'केस विंचरायला हात वर जात नाही' हे मला जास्त सांगून जातं.

आता 'टेन्शन'. इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एक तरुण कंबरदुखी घेऊन आला होता. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ. तो बोलताना सारखा पाय हलवत होता, परीक्षा जवळ आलेली होती. मी म्हणालो, व्यायाम कर, टेन्शन घेऊ नकोस. तीन वर्षांनी तो दुसऱ्या डॉक्टरांचा कागद घेऊन परत आला, सॅक्रोइलियाकची सूज एमआरआयवर स्पष्ट दिसत होती. भांडला नाही. एवढंच म्हणाला, 'सर, व्यायामाने बरं वाटायचं, तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.' व्यायामाने बरं वाटणं हीच तर त्या आजाराची खूण, आणि मी ती उपदेश म्हणून वापरली होती.

याच्या उलट चूकही केली आहे. त्या मुलानंतर मी इतका धास्तावलो की काही वर्षं कोणालाच तपासणीशिवाय सोडेना. एक बाई जाडजूड फाईल घेऊन आल्या होत्या, अगदी तुमच्यासारख्या हैराण. मी आणखी चार तपासण्या लिहिल्या. नंतर कळलं की दर नव्या चिठ्ठीबरोबर मी त्यांना न बोलता सांगत होतो, आत काहीतरी आहे आणि अजून सापडत नाही. त्यांची भीती वाढली, झोप गेली, दुखणंही वाढलं. तपासणीतून रिपोर्ट मिळतो तसा एक निरोपही मिळत असतो, हे मला त्यांच्यामुळे समजलं.

तर टेन्शनचा संबंध आहे का? आहे, पण 'टेन्शनमुळे दुखतं' इतका सरळ नाही. अडीच वर्षं दुखणारं, सहा ठिकाणी परतवलेलं माणूस चिंतेत नसेल तरच नवल. चिंता आणि अपुरी झोप वेदनेच्या यंत्रणेचा आवाज वाढवतात, वाढलेलं दुखणं पुन्हा झोप मोडतं. १९७५ साली झोपेचे संशोधक मोल्डोफ्स्की यांनी निरोगी स्वयंसेवकांची फक्त गाढ झोप रात्रभर आवाज करून मोडली, तर काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं आणि स्नायू दाबल्यावर दुखू लागले. दुखणं आणायला तिथे झोपमोडच पुरली. म्हणून मी झोप आणि मन दोन्हींबद्दल विचारतो, पण कारण म्हणून नाही. ही दोन दारं आपल्याला उघडता येतात, म्हणून.

उपचाराबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकीचं तपासल्याशिवाय बोलणं बरं नाही. वेदनेसाठी तुम्हाला कोणी ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहिलं आणि सोबतच्या चिठ्ठीत 'नैराश्यावरील औषध' असं वाचलंत, तर डॉक्टरांनी पाठीमागून तुम्हाला वेडं ठरवलं असं समजू नका. मज्जारज्जूत वेदना दाबणाऱ्या वाटांना ही औषधं बळ देतात. ॲमिट्रिप्टिलिन वेदनेसाठी बहुधा १० मिलिग्रॅमपासून सुरू होतं, नैराश्यात ते याच्या कित्येक पट लागतं. हे लिहून देतानाच सांगायला हवं, पण आम्ही सांगत नाही आणि रुग्ण घरी जाऊन दुखावतात. उलट रोजच्या रोज घेतलेली साधी पेनकिलर अशा दुखण्यावर फारशी चालत नाही, पोट आणि मूत्रपिंड मात्र बिघडवू शकते. अफूच्या जातीच्या गोळ्या तर दीर्घकाळ घेतल्यास काहींमध्ये संवेदनशीलता आणखी वाढवतात.

दुसरी गोष्ट हालचालीची. 'व्यायाम करा' हा सल्ला तुम्ही ऐकून ऐकून विटला असाल. बहुतेक जण चांगल्या दिवशी साचलेलं सगळं काम उरकतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतात. मी सांगतो, वाईट दिवशीही जमेल इतकंच चाला, समजा आठ मिनिटं, आणि चांगल्या दिवशीही आठच. आठवडाभर जमलं की नऊ. हे ऐकायला हास्यास्पद वाटतं, आणि चांगल्या दिवशी थांबणं हे वाईट दिवशी चालण्यापेक्षा अवघड जातं. संवेदनशील झालेल्या यंत्रणेला धक्का न देता सरावाने खाली आणायचं असतं. फरक आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजा. दुखणं एक तृतीयांशाने उतरलं तर माझ्या लेखी तो चांगला परिणाम, आणि अनेकांना तेवढ्यात कामावर परत जाता येतं. पूर्ण थांबेल असं वचन देणाऱ्यापासून चार पावलं लांब राहा.

हे उपचार नावासाठी थांबलेले नसावेत. निदानाचा शोध आणि उपचार बरोबरीने चालू शकतात. सहा डॉक्टरांऐवजी एक निवडा, संधिवाततज्ज्ञ किंवा वेदनातज्ज्ञ, ज्यांनी तुम्हाला हात लावून तपासलं आणि मधे न तोडता ऐकलं असे. फॅमिली डॉक्टर तसे असतील तर तेही चालतील. त्यांना तीन प्रश्न विचारा: तुमच्या मनात कोणता आजार आहे, तो असल्यास किंवा नसल्यास उपचारात काय बदलेल, आणि काय दिसलं तर आपण पुन्हा तपासायचं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर सुचवलेली तपासणी नका करू. तिसऱ्याचं उत्तर लिहून घ्या आणि दर चार-सहा महिन्यांनी एकदा पुन्हा हाताने तपासून घ्या. सुजलेला सांधा, नवा बधिरपणा, उतरलेलं वजन असं काही नवं दिसलं तर शोध परत उघडायचा, नाहीतर बंद ठेवायचा.

घरच्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो. पुढच्या भेटीला त्यातल्या एकाला बरोबर न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर तुम्हाला तपासू द्या. 'हे दुखणं खरं आहे, असं असतं' हे एक वाक्य तुमच्या तोंडून अडीच वर्षं ऐकूनही न पटलेली माणसं परक्या तोंडून ते ऐकलं की गाडीत बसेपर्यंत बदललेली मी पाहिली आहेत. चिडू नका, उपयोग करून घ्या.

आणि हो, फाईल. ती जाड झाली असणारच. तारखेप्रमाणे लावून न्या, पण टेबलावर ठेवू नका. फाईल समोर आली की आम्ही डॉक्टर ती वाचायला लागतो आणि तुमच्याकडे बघायचं राहून जातं. आधी ते एक पान द्या. पहिली दहा मिनिटं फाईल पिशवीतच राहू दे, मागितली की काढा.